आमच्या घरातला दुसरा पाटा

(तृतीय वर्ष, कला)

'पाटा' म्हटले की माझ्या वर्गमैत्रिणींच्या डोळ्यांपुढे वरवंट्याशेजारी भिंतीला टेकून ठेवलेला दगड उभा राहतो. आमच्या घरात मात्र 'पाटा तुटला!' अशी आरोळी आली, की आई स्वयंपाकघराकडे बघतसुद्धा नाही; ती अंगणाकडे बघते. कारण आमच्या घरात दुसराही एक पाटा आहे. तो पोलादाचा आहे, आबांच्या जीपच्या पोटाखाली राहतो, आणि तो कधीच एकटा नसतो. थोरल्याखाली धाकटा, धाकट्याखाली त्याहून धाकटा, अशी त्याची भावंडे एकाखाली एक बांधलेली असतात. त्या सगळ्यांच्या थप्पीला कोणी कमान म्हणते, कोणी नुसतेच पाटे म्हणते. गाडीचे आणि गाडीतल्या माणसांचे सगळे ओझे त्यांच्यावर असते; पण गाडी पुसताना त्यांच्यावरून कोणी फडके फिरवीत नाही.

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वार्षिकाकांसाठी जीपच्या कमानीवर लिहावे, याचे आमच्या सरांना नवल वाटेल. "अगं, आजीच्या गोधडीवर लिही, पहिल्या पावसावर लिही," असे मैत्रिणींनी सुचवून पाहिले. पण पहिल्या पावसावर लिहायला पाऊस तर पडायला हवा ना! मी माणदेशची मुलगी. आमच्याकडे पावसापेक्षा पाण्याची खेप जास्त ओळखीची. आणि त्या खेपेची गोष्ट पाट्यांवाचून सांगता येत नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि उरलीसुरली वाफ आमच्या डोक्यावरून पुढे निघून जाते. माणगंगा नावाची नदी आम्हांला आहे. पण वर्षातले बरेच महिने ती नदी नसते, वाळूची वाट असते. आमची साडेतीनशे डाळिंबाची झाडे आहेत. त्या झाडांवर घर चालते, आजोबांचे औषध येते आणि माझ्या कॉलेजची फीही येते. म्हणून झाडांची तहान ही आमच्या घरात माणसांच्या तहानेइतकीच खरी.

२०२३ साली पावसाने दगा दिला. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमची विहीर दिवाळीनंतर तळाला गेली आणि संक्रांतीला पार आटली. नदीपलीकडे चार किलोमीटरवर आबांच्या एका स्नेह्यांच्या विहिरीला थोडे पाणी होते. ते म्हणाले, "न्या लागेल तेवढं. झाडं जगली पायजेत." पण न्यायचे कसे? ट्रॅक्टर आमच्याकडे नव्हता. होती ती लिलावात घेतलेली एक जुनी जीप, चारी चाकांना जोर देता येणारी. नदीच्या वाळूत इतर गाड्या रुततात तिथून ती हळूहळू निघून जाई, म्हणून आबांचा तिच्यावर भारी जीव. तिच्यामागे आबांनी एका आसाची, दोन चाकांची ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीवर एक हजार लिटरची लोखंडी टाकी बसवली.

इथे थोडा हिशेब सांगते. पाण्याचा हिशेब सोपा असतो. एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन. त्यात टाकीचे आणि ट्रॉलीचे लोखंड साडेतीनशे किलो धरले, तर आमची जीप जवळजवळ स्वतःएवढेच ओझे मागून ओढीत होती. जीपचे कूळ पाहिले तर याचे हसू येईल. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलीज कंपनीने ती अमेरिकन सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनवली, तेव्हा तिची नोंद 'पाव टन' गाडी अशी होती. आणि तिच्यामागे जोडायची ट्रॉलीही पाव टनाचीच होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्यावर जीपची जोडणी सुरू केली आणि पाव टनाची ही सैनिक पोर आमच्या रानावनांत आली. इथे आल्यावर तिच्यावर आम्ही काय काय लादले, ते तिचे तिलाच ठाऊक!

टाकी भरून जोडली की जीप मागे बसायची. कुत्रे बसते तशी. मागचे अंग खाली, नाक वर. पहाटेच्या अंधारात निघालो की दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी लिंबाच्या शेंड्यावर पडे. समोरून येणारा मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून आबांच्या नावाने खडे फोडी. आणि सुकाणू असे हलके होई, की मला आधी वाटले, गाडी चालवणे सोपे झाले! पुढची चाके जमिनीला नीट टेकत नाहीत म्हणून सुकाणू हलके लागते, हे कळायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

आबांनी यावर पहिला उपाय केला तो घरचा. टाकीचे बोल्ट काढले आणि टाकी ट्रॉलीवर हातभर मागे सरकवली. लगेच हुकावरचा भार उतरला आणि जीपचे मागचे अंग थोडे वर आले. आबांना बरे वाटले. दुसरा उपाय तालुक्याच्या गावच्या एका गॅरेजात झाला. तिथल्या मिस्त्रीने गाडीखाली डोकावून न बघताच सांगितले, "दोन जाड पाटे वाढवून देतो. मग खुशाल हत्ती बसवा!" मागच्या दोन्ही कमानींना आधी सात सात पाटे होते, ते नऊ नऊ झाले. गाडी घरी आली ती शेपूट वर करून. आबांनी दोनदा तिच्याभोवती फेरी मारली आणि आईला हाक मारली, "बघ, कशी उभी राहिलीय!"

आणि मग जे व्हायचे तेच झाले. पाटे कडक झाले म्हणजे गाडीची ताकद वाढली, असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. आबांनी हजाराची टाकी काढून दीड हजाराची बसवली. झाडांना दिवसाला चार खेपा लागत होत्या, त्या तीनवर आल्या. डिझेल वाचले, वेळ वाचला. रिकामी गाडी मात्र आता दगडासारखी उडू लागली. खड्ड्यात चाक गेले की तो दणका थेट मणक्यात जाई. मागे बसून आलेली आई एकदा उतरून म्हणाली, "ह्यापरीस मी डोक्यावर हंडा घेऊन चालत आले असते." आम्ही हसलो. हंड्याखाली चुंबळ का ठेवतात, हे आमच्यातल्या कोणाही शहाण्याला तेव्हा आठवले नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला अजून टोचते. ट्रॉली जोडताना तिची दांडी उचलून जीपच्या हुकात अडकवावी लागते. पूर्वी भरलेल्या टाकीची दांडी आबांना जॅक लावून उचलावी लागे. टाकी मागे सरकवल्यापासून ती हलकी झाली होती. एक दिवस दीड हजार लिटर पाणी भरलेले असताना ती मी एका हाताने उचलली! "आबा, बघा, एका हातानं!" असे मी ओरडले, आणि आबांनी कौतुकाने मान हलवली. मला वाटले, केवढे ओझे कमी झाले! ओझे एक थेंबही कमी झाले नव्हते. ते फक्त जिथे असायला हवे तिथून हलले होते.

२०२४ च्या एप्रिलातली पहाट. आम्ही पहिली खेप घेऊन निघालो होतो. आबा चालवीत होते, मी शेजारी. वाटेत चुलत्यांच्या वस्तीवर थांबून जनावरांच्या हौदात निम्मी टाकी सोडली. त्यांच्याकडेही पाणी नव्हते. तिथून निघालो ते निम्म्या टाकीने. ओढ्याच्या चढाला टाकीतले पाणी मागे धावले, तेव्हा हुकापाशी 'खट्' असा आवाज झाला. दांडी खालून वर ओढली गेली होती. आम्हांला ते कळले नाही. वर सपाटीला डांबरी रस्ता लागला आणि आबांनी वेग घेतला. एक खड्डा आला. जीप उडाली, आणि मागून कोणीतरी गाडीला धरून हलवावे तशी ट्रॉली डुलू लागली. आधी थोडी, मग जास्त, मग रस्ता पुरेना. आबांनी ब्रेक दाबला. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. तिने मागून रेटले. जीप आडवी होऊन चारीत गेली आणि ट्रॉली उलटली.

मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. आबांचा डावा हात मोडला. पण ते हाताकडे बघत नव्हते. टाकीचे झाकण निघाले होते आणि पाणी रस्त्यावरून चारीत आणि चारीतून रानात चालले होते. सातशे लिटरच्या आसपास असेल. आबा रस्त्याच्या कडेला बसून त्या पाण्याकडे बघत होते. तापलेल्या मातीने ते किती लवकर पिऊन टाकले! पाच-दहा मिनिटांत नुसती ओली खूण उरली. माझ्या आयुष्यात आबांना मी रडताना पाहिलेले नाही; त्या दिवशीही पाहिले नाही. पण तसे ते गप्प बसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

घरी आल्यावर दोष द्यायला माणसे गोळा झालीच. कोणी रस्त्याला दिला, कोणी गॅरेजवाल्याला, कोणी माझ्याकडे बघून "पोरीला कशाला सोबत न्यायची" असे म्हटले. आजोबा मात्र बाजेवर पडल्या पडल्या एवढेच विचारत होते, "दांडी जड व्हती का हलकी?" मी म्हटले, "हलकी होती आजोबा, मी एका हातानं उचलली होती." आजोबा उठून बसले. "मग पोरी, गाडी उलाळ झाली व्हती. आणिक काय?"

'उलाळ' हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी मागे झुकते आणि जू वर उचलले जाते. मग बैलांच्या मानेखालच्या पट्ट्या त्यांच्या गळ्याला काचतात. ओझे फार पुढे भरले तर जू खांद्यावर दाबते आणि बैल बसतो. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस ती किंचित दाबात ठेवतो. फार नाही, थोडी. "उलाळ गाडी बैलाचा गळा धरती, दाबाची गाडी खांदा धरती. खांद्याला सोसतं, गळ्याला सोसत न्हाय," आजोबा म्हणाले. आजोबांनी आयुष्यात मोटार चालवली नाही. पण शिखर शिंगणापूरच्या यात्रेत, चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून महादेवाच्या कावडी चढतात, त्यांना त्यांनी तरुणपणी खांदा दिलेला होता. ओझे कुठे असावे, हे त्यांच्या खांद्याला ठाऊक होते. आमच्याच ओसरीवर हे ज्ञान बाजेवर पडून होते आणि आम्ही ते विचारायला कधी गेलो नाही!

आबांचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. झाडे तर थांबणार नव्हती. गाडी चालवायचा परवाना माझ्याकडे होता. आता खेपा माझ्याकडे आल्या. पण त्या गाडीत तशीच बसायची मला भीती वाटली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी मराठीच्या कपाटाकडून पहिल्यांदाच पदार्थविज्ञानाच्या कपाटाकडे गेले. शास्त्र शाखेतली एक मैत्रीण मदतीला होती. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. ओझे जितके वाढेल तितकी स्प्रिंग त्याच प्रमाणात दबते. आमच्या मिस्त्रीचे सगळे शास्त्र एवढ्यावर उभे होते. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. पाट्याची संख्या वाढवली तर कडकपणा साधारण त्या प्रमाणात वाढतो. पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो! म्हणजे दोन 'जाड' पाटे घालताना, ते किती जाड हे कोणी मोजलेच नव्हते.

दुसरा हिशेब तरफेचा. आमच्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे २.३ मीटर अंतर आहे, आणि हूक मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे आहे. हुकावर १३० किलो भार आला, तर मागच्या चाकांवर १३० नव्हे, सुमारे १७२ किलो वाढतो. वरचे ४२ किलो येतात कुठून? पुढच्या चाकांवरून! मुले सी-सॉवर खेळतात तसे. लिंबाच्या शेंड्यावर पडणारे दिवे आणि हलके झालेले सुकाणू यांचा उलगडा मला त्या एका आकडेमोडीत झाला. पाटे कडक केले की गाडीचे अंग वर येते हे खरे; पण पुढच्या चाकांवरून निघून गेलेला भार त्यामुळे परत येत नाही. गाडी सरळ दिसते, एवढेच. आणि पाटे कितीही वाढवले तरी आस तोच राहतो, चासी तीच राहते, ब्रेक तेच राहतात. गाडीने किती वजन घ्यावे हे तिच्या नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते. तो आकडा लोहाराच्या हातोड्याने बदलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करायला मनाई करते. त्यामागचे कारण मला पुस्तकातून कळण्याआधी चारीत कळले होते.

म्हसवडच्या रस्त्याला कमानीचे काम करणारे एक म्हातारे चाचा आहेत. आबांचा हात गळ्यात आणि मी सुकाणूवर, असे आम्ही त्यांच्याकडे गेलो. चाचांनी आधी काहीच बोलणे केले नाही. गाडीखाली पोते अंथरून आडवे झाले आणि हातोडीने एकेक पाटा वाजवून बघू लागले. चांगला पाटा खणखणीत वाजतो. तडकलेला बद्द बोलतो. सातातले दोन पाटे मधल्या बोल्टच्या भोकापाशी तडकलेले निघाले. म्हणजे गाडी ओझ्याने बसत होती हे अर्धेच खरे. ती आजारीही होती. आणि तिचे दुखणे न बघता आम्ही तिच्या अंगावर आणखी दोन जाड पाटे बांधले होते!

चाचा बाहेर आले आणि मला म्हणाले, "बेटी, पाट्याचं काम काय?" मी म्हटले, "वजन घेणं." "नाय. वजन तर खांबपण घेतो. पाट्याचं काम वाकणं आणि परत उठणं." मग त्यांनी पोलादाबद्दल सांगितले. कमानीचे पोलाद साधे नसते; त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असते. ते तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताने तापवतात. तेव्हा त्याला 'पाणी' चढते. काही लोक बसलेला पाटा भट्टीत लाल करून हातोड्याने बाक देतात आणि तसाच वाऱ्यावर निवू देतात. दिसायला कमान झोकदार होते. पण तिचे पाणी उतरलेले असते. पहिल्या ओझ्याला ती पुन्हा बसते. पाण्याशिवाय झाड जगत नाही हे मला ठाऊक होते; पाण्याशिवाय पोलादही जगत नाही हे त्या दिवशी कळले.

चाचांनी ते दोन जाड पाटे काढून टाकले. तडकलेल्यांच्या जागी त्याच जाडीचे नवे पाटे घातले. झिजलेले बुश बदलले, यू-बोल्ट नवे घेतले. आणि मग थप्पीच्या तळाशी एक पाटा बसवला, ज्याला ते हेल्पर म्हणतात. हा पाटा जवळजवळ सपाट असतो. गाडी रिकामी असताना त्याची टोके वरच्या पाट्याला शिवत नाहीत. वरची सात भावंडे आपले काम करतात आणि हा आपला खाली गप्प असतो. ओझे आले, कमान वाकून खाली आली, की मग ती याच्यावर टेकते आणि हा खांदा लावतो. ओझे उतरले की पुन्हा बाजूला. त्यामुळे रिकामी गाडी आईच्या मणक्याला दणके देत नाही आणि भरलेली गाडी कुत्र्यासारखी बसत नाही. पैसे देताना आबांनी विचारले, "आता दीड हजार लिटर चालंल ना?" चाचांनी फडक्याला हात पुसले. "पाट्याला चालंल. ब्रेकला विचारा."

घरी येऊन मी आईच्या शिलाईच्या पेटीतली टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून चिखलपटापर्यंतचे अंतर चारी चाकांशी मोजले. एकदा रिकाम्या गाडीचे, एकदा टाकी जोडून. पूर्वी मागचे अंग सात सेंटीमीटर बसत होते. आता चार बसले. पुढचे नाक अडीच सेंटीमीटर उचलले जात होते, आता एकच. दुकानदारांचा धान्य तोलायचा काटा मागून आणला आणि ट्रॉलीची दांडी हुकाच्या उंचीला ओंडका लावून त्यावर टेकवली. टाकी पुढे-मागे सरकवत राहिलो. हजार लिटर भरून काटा १३० किलो दाखवू लागला, म्हणजे ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, तेव्हा बोल्ट आवळले. आजोबा बाजेवरून बघत होते. "आता दाबात हाय," ते म्हणाले. पुस्तकातला दहावा हिस्सा आणि आजोबांची 'थोडी दाबात', दोघांचे उत्तर एकच आले!

हजार लिटर हा आकडा मात्र सुखासुखी ठरला नाही. दीड हजाराची टाकी परत द्यायची, हे आबांना पटेना. "तीन खेपांत भागत होतं. आता परत चार? डिझेल कुठून आणू?" मी म्हटले, "आबा, मी पहाटे एक तास लवकर उठेन." "प्रश्न उठण्याचा न्हाय." "मग कशाचा हाय?" या प्रश्नावर आबा गप्प झाले. मी आयुष्यात पहिल्यांदा आबांना उलट विचारले होते. आई चुलीपाशी थांबली. शेवटी मी म्हटले, "गाडी मी चालवणार आहे. हजाराच्या वर एक हंडा पाणी असलं तरी मी किल्ली लावणार नाही." हे बोलताना माझा आवाज कापत होता. आबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड हजाराची टाकी अंगणात नव्हती.

हजाराच्या टाकीत आम्ही आडवे पत्रे बसवून घेतले, त्यांना भोके पाडली, म्हणजे पाणी एकदम मागे-पुढे धावत नाही. निम्म्या टाकीने डांबरी रस्त्याला जायचे नाही. चुलत्यांना द्यायचे तर पूर्ण खेप द्यायची, असा नियम केला. हुकाला साखळी जोडली. वेग वीस-पंचवीसच्या वर नेला नाही. पहाटे चारपासून चार खेपा, मग आंघोळ करून कॉलेज. त्या महिन्यांत तासाला मला डुलकी लागली असेल तर संबंधित प्राध्यापकांनी आता तरी क्षमा करावी! जूनचा पाऊस आला तोवर साडेतीनशेतली एकेचाळीस झाडे वाळली. तीनशे नऊ जगली.

मैत्रिणी विचारतात, एवढ्या खटाटोपातून तू शिकलीस काय? गाडीची कमान कशी असावी हे तर शिकलेच. पण घरी परतताना मला अनेकदा त्या तळच्या पाट्याची आठवण होते. आबा म्हणजे आमच्या घरातला थोरला पाटा. दोन्ही टोकांना डोळे असलेला, गाडीला थेट जोडलेला. सगळे दणके आधी त्याला बसतात. आम्ही त्याला कडक होताना बघतो आणि म्हणतो, आबा केवढे खंबीर! तो आत कुठे तडकला आहे का, हे हातोडीने वाजवून कोणी बघत नाही. घरातल्या धाकट्यांनी सदा सर्वकाळ थोरल्याच्या अंगाला चिकटून त्याला ताठ करू नये. पण ओझ्याने तो वाकून खाली येईल, तेव्हा टेकायला आपण तिथे असावे. एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

आबांचा हात आता बरा आहे. थंडीत थोडा दुखतो. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा खेपांची वेळ आली. पहिल्या दिवशी मी पहाटे उठून अंगणात गेले, तर आबा माझ्या आधीच ट्रॉलीपाशी उभे. मला वाटले, आता म्हणतील, थोडी वरपर्यंत भरू. दांडीला एका हाताने धरून त्यांनी ती उचलून बघितली, उचलली नाही. ते समाधानाने हसले आणि म्हणाले,

"पोरी, काटा आण बरं जरा. तोलून बघू."